खैऱ्याची नोंद

हरसूलच्या पुढे, घाट उतरायच्या आत,
आमच्या पाड्याच्या वरल्या अंगाला एक माळ आहे,
तारेच्या कुंपणातला.
मेलेलं ढोर तिथे टाकायचं,
करवंदीच्या जाळीमागे बसून मोजायचं,
आणि वहीत लिहायचं:
तारीख, जनावर, कुणाचं, कशानं मेलं,
किती गिधाडं उतरली,
किती नुसतीच बसून राहिली ऐनावर.
हे काम माझं.
महिन्याला मिळतं त्यात तेल, मीठ, भावाची फी,
आणि नाशकात पेठ नाक्यावर
पहाटे मुकादमापुढे उभं न राहणं.
या शेवटच्याला वहीत रकाना नाही.

पहिल्या वर्षी गाव हसलं.
जनीबाई वाघेरे म्हणाली,
"माणसाला रेशन मिळेना, गिधाडाला पंगत!"
मी काय बोलणार, मीही हसले.
मग ढोरामागे पैसे मिळायला लागले, थोडेच,
तर जनीबाईनेच आपली म्हातारी गाय आणली
आणि जाताना विचारलं,
"नीट खाल्ली ना गं त्यांनी?"

त्या दिवशी सत्तावीस होती.
लांब चोचीची एकोणीस, पांढऱ्या पाठीची आठ.
पंखांचा आवाज
सुपात नागली घोळवावी तसा.

यंदा चिखलणीत खैऱ्याचा पाय घसरला.
खुबा सुजला.
रात्रभर कण्हत होता, माणसासारखा.
बाजारात दोन सुया मिळतात.
एक महाग.
दुसरी स्वस्त, माणसांची, ढोरांना बंदी असलेली;
ती कोण देतो ते सगळ्यांना ठाऊक,
नाव कुणी घेत नाही.
समाजमंदिरात साहेबांशेजारी उभी राहून
मीच सांगितलं होतं:
ही सुई टोचलेलं ढोर खाल्लं
की गिधाडाची मान लोंबते,
आणि ते फांदीवरून पडतं,
पिकलं फळ पडावं तसं.

बाने कुणाला विचारलं नाही.
खिशात जेवढे होते तेवढ्याची सुई आणली.

चौथ्या दिवशी खैऱ्या गेला.
आई शिंगाला हात लावून बसली.
बा म्हणाला, "गाडी सांग, माळावर नेऊ.
बैल गेला, निदान त्याचे पैसे तरी."
बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

चुलीमागच्या कोनाड्यात मला बाटली सापडली होती,
बोटाएवढी, रिकामी,
लेबल नखाने अर्धं खरवडलेलं.
म्हणजे त्याला ठाऊक होतं.
म्हणजे त्याने ऐकलं होतं माझं, सगळं,
मागच्या रांगेत बसून.

मी काही बोलले नाही. टिकाव घेतला.
बराच वेळ तो तसाच उभा होता.
मग पहार घेऊन आला.

आमच्याकडे हातभर मातीखाली कातळ.
बैलाएवढा खड्डा म्हणजे काय
ते खणल्याशिवाय कळत नाही.
दुपारपर्यंत गुडघाभर.
जनीबाईचा मुलगा आला, न बोलावता,
मग हिराजी गावित, त्याची सून.
वर घिरट्या सुरू झाल्या होत्या,
त्यांना लांबून दिसतं.
एक ऐनावर उतरून बसलं, मान आत ओढून,
पंगत कधी बसतेय म्हणून थांबलेल्या सोयऱ्यासारखं.
बा वर बघून म्हणाला,
"आता याला कोण सांगणार?"

अंधारता अंधारता बुजवला.
वर मीठ टाकलं, तेही उधारीचं.

वहीत लिहिलं:
बैल, खैरा, वय अकरा.
मालक काशिराम धाकू भोये.
कशानं मेला: पाय. सुई होती.
टाकला नाही. पुरला.
उतरली: शून्य.
पैसे: शून्य.
शेऱ्याचा रकाना आजवर कोराच असायचा.
त्यात लिहिलं:
स्वस्त सुई आणि महाग सुई यांत
एकशे दहा रुपयांचा फरक आहे.
साहेबांनी हे पान वाचावं.

सकाळी माळावर गेले.
ऐनावर पाच.
उपाशी. जिवंत.
बा पहिल्या एसटीने गेला होता,
पेठ नाक्यावर.